उतारवयांतील अबोल दुखणें

घरांत कोणास ताप आला तर तो सर्वांस कळतो. दाढ दुखूं लागली तर शेजारीण लवंगेचें तेल घेऊन येते. गुडघेदुखीची चर्चा तर जेवणाच्या पानावर, देवळाच्या पायरीवर आणि बागेंतील बांकावर अखंड चालूं असते. परंतु एक दुखणें असें आहे, कीं साठी गांठलेल्या पुरुषांपैकीं जवळ जवळ निम्म्यांच्या शरीरांत त्याचें मूळ रुजलेलें असतें आणि तरीहि त्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. घरांतील वडील रात्रीं चार चार वेळां उठतात, न्हाणीघरांत बराच वेळ उभे राहतात, लांबचा प्रवास टाळतात, लग्नकार्यांत पाणी पिण्यास नको म्हणतात. माणसें म्हणतात, 'वय झालें.' वडीलहि तेंच म्हणतात आणि विषय संपतो. या दुखण्याच्या जोडीनें पुष्कळदां आणखी एक दुखणें असतें. त्याचा तर पत्नीजवळहि उच्चार होत नाहीं.

या दोन दुखण्यांविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय कौटुंबिक मासिकांत शोभेल काय, अशी शंका कोणास येईल. ती प्रथम आम्हांसहि आली. परंतु जें दुखणें कुटुंबांतच लपून राहतें आणि सर्व कुटुंबास छळतें, त्याचा विचार कौटुंबिक मासिकांत करावयाचा नाहीं, तर कोठें करावयाचा?

आमचा अनुभव

आरंभीं आमचाच अनुभव सांगतों. कारण स्वतः तोंड न उघडतां दुसऱ्यास निर्भीडपणाचा उपदेश करणें शोभत नाहीं. तीन वर्षें आम्हीं हा त्रास मुकाट्यानें सोसला. प्रथम रात्रीं एकदां उठावें लागे, पुढें तीनदां, नंतर पांचदां. लघवीची धार बारीक झाली. ती सुरू होण्यास वेळ लागे. होऊन गेल्यावरहि पोटांत कांहीं राहिलें आहे असें वाटे. सौभाग्यवतीची झोपमोड होऊं नये म्हणून आम्हीं आपलें अंथरूण बाहेरच्या खोलींत नेलें. हें कारण खरें होतें, पण तें अर्धेंच होतें. पति या नात्यानें आपल्यांत कांहीं उणें पडूं लागलें आहे हें आम्हांस जाणवत होतें, आणि तें तिला कळूं नये अशी आमची धडपड होती. तिनें त्याचा अर्थ निराळाच घेतला. आपल्या हातून कांहीं तरी चुकलें असावें असें समजून ती गप्प राहिली. आणि तिला सर्व कळलें असून ती आमची कींव करीत आहे असें समजून आम्ही गप्प राहिलों. एका छपराखालीं दोन समंजस माणसें तीन वर्षें अशा गैरसमजांत काढूं शकतात, हें अनुभवाशिवाय खरें वाटणार नाहीं. वर्गांत जन्मभर मुलांना 'शंका असेल तर उभें राहून विचारा' असें बजावणाऱ्या आम्हांस ही एक शंका कोणास विचारतां आली नाहीं.

शेवटीं मार्गशीर्षांतील एका थंडीच्या रात्रीं या मौनाचा निकाल लागला. सर्दी झाली म्हणून दुकानांतून आणविलेल्या गोळ्या आम्हीं दिवसभर घेतल्या होत्या. मध्यरात्रीं उठलों तों लघवी अजिबात होईना. एक वाजला, दोन वाजले. ओटीपोट दगडासारखें घट्ट झालें, अंगास दरदरून घाम सुटला. तरी आम्ही दार आंतून लावून उभे! अखेर कण्हण्याचा आवाज सूनबाईच्या कानीं गेला. तिनें मुलास उठविलें. 'नाना, दार उघडा. आम्ही काय परके आहोंत?' हे त्याचे शब्द अजून आमच्या कानांत आहेत. रुग्णालयांत तरुण डॉक्टरांनीं मूत्रमार्गांतून रबरी नळी घातली, तेव्हां सुमारें एक लिटर लघवी बाहेर पडली. 'काका, हा त्रास किती दिवसांचा?' असें त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, 'तीन वर्षांचा.' ते म्हणाले, 'तेव्हांच आला असतां, तर कदाचित् रोजच्या एका गोळीवर भागलें असतें.'

भीड ही भिकेची बहीण, असें आपण म्हणतों. ती रोगाचीहि सख्खी बहीण आहे. प्रसिद्ध डॅनिश ज्योतिर्विद टायको ब्राहे हा १६०१ च्या ऑक्टोबरांत प्राग येथें एका मेजवानीस गेला होता. पंक्तींतून मध्येंच उठणें शिष्टाचारास सोडून होईल म्हणून तो लघवी दाबून बसून राहिला. घरीं आल्यावर ती नीट होईना, आणि अकराव्या दिवशीं त्याचा अंत झाला. त्यास विष घातलें असावें असा तर्क पुढें पुष्कळ वर्षें चालत असे. परंतु २०१० सालीं त्याचें थडगें उघडून जें परीक्षण झालें त्यांत पाऱ्याच्या विषबाधेला आधार मिळाला नाहीं. त्याचा मूळ विकार कोणताहि असो, लाजेनें त्यांत भर घातली हें स्पष्ट आहे. याच्या कित्येक शतकें आधीं आमच्या चरकसंहितेनें सूत्रस्थानांतील एका संपूर्ण अध्यायास 'नवेगान्धारणीय' असें नांव दिलें आणि अडवूं नयेत अशा तेरा वेगांत मूत्रवेगाची गणना अगदीं प्रथम केली. ग्रंथ आम्हीं वाचलेला होता. आचरण मात्र टायकोचें केलें.

ग्रंथि कोणती आणि ती कां वाढते

ज्या ग्रंथीमुळें हें घडतें तिला प्रॉस्टेट म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'पुढें उभा राहणारा' असा आहे. आपल्या परिभाषाकारांनीं दिलेलें 'पुरःस्थ ग्रंथि' हें नांव तंतोतंत त्याच अर्थाचें आहे. मूत्राशयाच्या मुखाखालीं ती बसलेली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणीं ती अक्रोडाएवढी, वजनानें सुमारें २० ग्रॅम असते. वीर्यांतील पातळ द्रवाचा कांहीं भाग तयार करणें हें तिचें काम. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढूं लागते. मळ्यांतील पाटाच्या दोन्ही कडा आंत सरकल्या म्हणजे पाण्यास जशी वाट राहत नाहीं, तशीच येथें स्थिति होते. मूत्राशय प्रथम जोर करून लघवी बाहेर लोटतो. त्यामुळें त्याच्या भिंती जाड व चिडखोर होतात आणि थोडी लघवी सांठली तरी घाई लागते. पुढें तो थकतो. लघवी मागें राहूं लागते. त्या सांचलेल्या पाण्यांत जंतु वाढतात, खडे होतात, आणि फार दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडांवर ताण पडून तीं निकामी होऊं लागतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील 'वाताष्ठीला' या प्रकारांत गुद आणि बस्ति यांच्या मध्यें दगडी गोट्यासारखा घट्ट उंचवटा उत्पन्न होऊन मलमूत्राचा अवरोध होतो, असें म्हटलें आहे. हें वर्णन पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीचेंच, असें आजचे वैद्य पुष्कळदां मानतात. दोन शास्त्रांतील संज्ञा ओढून ताणून एक करण्याचा आमचा आग्रह नाहीं. परंतु त्या ऋषितुल्य शल्यविदास हें लिहितांना संकोच वाटला नाहीं, एवढें आम्ही ध्यानांत घेतों.

ही वाढ कां होते? वय आणि पुरुषत्वाचें अंतःस्रावी द्रव्य हीं दोन कारणें निश्चित आहेत. वृषणांत तयार होणारें टेस्टोस्टेरॉन या ग्रंथींत आल्यावर एका एन्झाइमच्या योगानें त्याचें अधिक प्रभावी रूपांतर होतें, आणि तें ग्रंथीस वाढवितें. लहानपणींच ज्यांचे वृषण काढले गेले अशा पुरुषांत ही वाढ होत नाहीं. वेस्ट इंडीजमधील डोमिनिकन रिपब्लिक या देशांत कांहीं घराण्यांतील पुरुषांत हें एन्झाइम जन्मतःच उणें असतें व त्यांची ही ग्रंथि आयुष्यभर लहान राहते, असें १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. त्यावरूनच या एन्झाइमला अडविणारें फिनास्टेराइड हें औषध पुढें आलें. अमेरिकेंत त्यास १९९२ सालीं मान्यता मिळाली.

येथें तीन खोट्या समजुतींचें निराकरण केलें पाहिजे. तारुण्यांतील अतिरेकाचें हें फळ होय, ही पहिली. तिला आधार नाहीं. ऋषींसारखें राहिलेल्यासहि ही वाढ होते. वीर्यक्षयाची धास्ती तरुणपणीं ज्यांच्या मनांत भरविली गेली, ते वृद्धपणीं हें दुखणें पापाचें प्रायश्चित्त समजून लपवितात; त्यांनीं तें ओझें खुशाल उतरून ठेवावें. दुसरी समजूत अशी, कीं ही वाढ म्हणजे कर्करोगाची पहिली पायरी. तसेंहि नाहीं. ही वाढ कर्करोगांत परिवर्तित होत नाहीं. मात्र दोन्ही विकार एकाच माणसास एकाच वेळीं असूं शकतात, म्हणून तपासणी हवी. तिसरी समजूत, ग्रंथि जितकी मोठी तितका त्रास अधिक. ग्रंथि लहान असूनहि ती मूत्रमार्गावर नेमकी दाबत असल्यास त्रास मोठा होतो, आणि याच्या उलटहि होतें.

सात प्रश्नांची परीक्षा

आपला त्रास किती, हें घरबसल्या मोजण्याची एक सोपी रीत आहे. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९२ सालीं सात प्रश्नांची पत्रिका तयार केली. ती आतां जगभर वापरली जाते. गेल्या महिन्याभरांत लघवी पुरती झाली नाहीं असें वाटलें काय? दोन तासांच्या आंत पुन्हां जावें लागलें काय? धार थांबून थांबून आली काय? घाई लागून धरवेनासें झालें काय? धार क्षीण होती काय? सुरू करण्यास जोर करावा लागला काय? या सहांपैकीं प्रत्येकास 'कधींच नाहीं' असल्यास शून्य आणि 'जवळ जवळ नेहमींच' असल्यास ५ गुण द्यावे. सातवा प्रश्न रात्रीं किती वेळां उठावें लागतें हा. जितक्या वेळां तितके गुण, कमाल ५. एकूण ३५ पैकीं ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, आणि २० पासून पुढें तीव्र. जींत अधिक गुण मिळविणें भूषणास्पद नाहीं अशी ही एकच परीक्षा आमच्या पाहण्यांत आहे. आमचे गुण सत्तावीस होते.

हा कागद घेऊन डॉक्टरांकडे गेल्यास निम्मी भीड आपोआप सरते. कारण बोलावयाचें तें कागदच बोलतो. डॉक्टर लघवीची व मूत्रपिंडांसंबंधीं रक्ताची तपासणी करवितात, सोनोग्राफीनें ग्रंथीचा आकार आणि लघवी केल्यानंतर आंत किती शिल्लक राहते हें पाहतात, आणि एका यंत्रांत लघवी करावयास लावून धारेचा वेग मोजतात. हा वेग सेकंदास १५ मिलिलिटरहून अधिक असल्यास सामान्यतः चिंता नसते. १० हून कमी असल्यास अडथळ्याचा संशय बळावतो. गुदद्वारांत बोट घालून ग्रंथि चांचपण्याच्या तपासणीस अनेकजण बिचकतात. ती अर्ध्या मिनिटाची असते, आणि ग्रंथि मऊ आहे कीं कर्करोगासारखी कठीण, हें तीवरून समजण्यास मदत होते. पी. एस. ए. नांवाची रक्ततपासणीहि करतात. परंतु तो आंकडा साध्या वाढीनें व जंतुदोषानेंहि चढतो, तेव्हां तो थोडा अधिक दिसतांच घरांत रडारड करूं नये.

रात्रीं वारंवार उठावें लागणें हें याच ग्रंथीमुळें असतें असें मात्र नाहीं. मधुमेह, पायांवर सूज आणणारा हृदयविकार, सायंकाळीं घेतलेली लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी, यांमुळेंहि तें होतें. म्हणून निदान शेजाऱ्यानें करूं नये.

उपचार

सौम्य त्रासास पुष्कळदां औषधहि लागत नाहीं. दिवसां पाणी नेहमीप्रमाणें प्यावें, निजण्यापूर्वी दोन तास मात्र तें आवरावें; चहाकॉफी सायंकाळनंतर घेऊं नये; मलावरोध होऊं देऊं नये; रोज चालावें; लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हां एकदां प्रयत्न करावा. पाणीच तोडणें हा उपाय नव्हे. त्यानें लघवी गढूळ होऊन जळजळ वाढते. सर्दीवरच्या पुष्कळ गोळ्यांत नाक मोकळें करणारें किंवा झोप आणणारें जें द्रव्य असतें, तें लघवी तुंबवूं शकतें. ही एक गोष्ट आम्हांस आधीं ठाऊक असती तर ती मार्गशीर्षांतील रात्र टळली असती.

औषधांचे मुख्य वर्ग दोन. टॅम्सुलोसिनसारखीं औषधें ग्रंथीचा व मूत्राशयाच्या मुखाचा स्नायु सैल करतात. कांहीं दिवसांतच गुण दिसतो. त्यांनीं एकाएकीं उठतांना भोंवळ येऊं शकते, आणि वीर्यस्खलन कमी होतें किंवा होतच नाहीं. तें निरुपद्रवी आहे. हीं औषधें घेणाऱ्यानें मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रवैद्यास तसें अवश्य सांगावें, कारण त्यांमुळें डोळ्यांतील बाहुलीभोंवतालचा पडदा शिथिल होऊन शस्त्रक्रियेंत अडचण येते. दुसरा वर्ग फिनास्टेराइड व ड्यूटास्टेराइड यांचा. तीं ग्रंथीचा आकार उतरवितात, पण त्यास सुमारें सहा महिने लागतात. थोड्या पुरुषांत त्यांमुळें कामेच्छा व उत्थान मंदावतें. तीं घेत असतां पी. एस. ए. चा आंकडा जवळ जवळ निम्मा होतो. डॉक्टरांस तें ठाऊक असलें पाहिजे. आणखी एक सूचना एकत्र कुटुंबांसाठीं महत्त्वाची: घरांत गर्भवती सून किंवा लेक असल्यास या वर्गाच्या फुटलेल्या वा कुटलेल्या गोळीस तिनें हात लावूं नये, पोटांत मुलगा असल्यास त्याच्या अवयवांच्या वाढीस अपाय होण्याचा संभव असतो. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ३०४७ पुरुषांवरील एका अमेरिकन प्रयोगांत दोन्ही वर्गांचीं औषधें एकत्र घेणाऱ्यांत रोग पुढें वाढण्याचा धोका ६६ टक्क्यांनीं कमी आढळला.

गोखरू, वायवरणा, पुनर्नवा यांचा वापर आपल्याकडे परंपरेनें होत आला आहे. आयुर्वेदावर आमची श्रद्धा आहे. परंतु काढा घेत बसून तपासणी लांबविणें हें आयुर्वेदहि सांगत नाहीं. जाणत्या वैद्याचा सल्ला घ्यावा आणि आपण काय घेतों तें डॉक्टरांपासून लपवूं नये.

औषधानें भागलें नाहीं, लघवी पुनःपुन्हां तुंबूं लागली, खडे झाले किंवा मूत्रपिंडांस धोका दिसूं लागला, म्हणजे शस्त्रक्रिया करावी लागते. आमच्या आजोबांच्या काळीं ती पोट चिरून होत असे. त्या पद्धतीचा लंडन येथें १९०० सालापासून हिरिरीनें पुरस्कार करणारे शल्यविद पीटर फ्रेयर हे त्यापूर्वी हिंदुस्थानांतच इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें नोकरीस होते. आतां मूत्रमार्गांतूनच दुर्बीण घालून वाढलेला भाग विजेच्या तारेनें खरवडतात किंवा लेसर किरणांनीं सोडवून काढतात. बाहेर टांका नाहीं.

आमच्या बाबतींत नळी काढतांच लघवी पुन्हां तुंबली आणि हीच शस्त्रक्रिया करावी लागली. तिच्या आदल्या दिवशीं डॉक्टरांनीं आम्हां उभयतांस बसवून सांगितलें, कीं या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांत वीर्य बाहेर न पडतां मूत्राशयांत मागें जातें व पुढें लघवीवाटे निघून जातें. अपत्याची इच्छा असेल त्यानें याचा विचार करावा. उत्थानशक्ति मात्र बहुतेकांची पूर्वी होती तशीच राहते. आम्ही मान खालीं घालून ऐकत होतों. सौभाग्यवतीनेंच विचारलें, 'ह्यांच्या जिवाला कांहीं अपाय नाहीं ना? मग बाकीचं आम्ही दोघं बघून घेऊं.' तीन वर्षांचें मळभ त्या एका वाक्यानें फिटलें.

दुसरें दुखणें

आतां ज्या दुखण्याचें नांव कोणी घेत नाहीं त्याकडे वळूं. चरकानें क्लैब्याचीं चार कारणें सांगितलीं आहेत: बीजाचा बिघाड, अवयवाचा बिघाड, जरा आणि शुक्रक्षय. सुश्रुतानें मनाच्या बिघाडासहि त्यांत स्थान दिलें आहे. इतक्या स्पष्टपणें बोलणाऱ्या पूर्वजांचे आम्ही वंशज पुढें असे मुके झालों, कीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयावर लिहिण्यास आरंभ केला तेव्हां त्यांस न्यायालयांत खेंचण्यांत आलें; १९३४ च्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मांडली. कर्व्यांचीं सर्वच मतें आम्हांस मान्य आहेत असें नव्हे. परंतु बोललें पाहिजे, हा त्यांचा आग्रह बरोबर होता.

अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांत ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांची पाहणी करण्यांत आली. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ५२ टक्के पुरुषांस कमीअधिक प्रमाणांत उत्थानाची अडचण आढळली. म्हणजे ज्यास 'आपण एकटेच' असें वाटतें, तो मोठ्या समुदायांत उभा आहे. २००३ सालच्या दुसऱ्या एका पाहणींत अमेरिका व युरोपांतील सहा देश मिळून ५० ते ८० वर्षांचे बारा हजारांवर पुरुष होते. लघवीचा त्रास जितका अधिक तितकी ही अडचणहि अधिक, आणि हा संबंध वय व इतर रोग वजा केले तरी टिकतो, असें तींत दिसलें. दोन्हींचीं मुळें कांहीं अंशीं एकच असल्याचें मानतात: रक्तवाहिन्यांचा कडकपणा, मज्जातंतूंचा ताण, शिवाय मोडलेली झोप आणि मनाला लागलेली टोंचणी.

उत्थान हें मुळांत रक्ताभिसरणाचें कार्य आहे. नायट्रिक ऑक्साइड हा वायु रक्तवाहिन्या सैल करतो, या शोधास १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच सालीं त्या तत्त्वावर चालणारें सिल्डेनाफिल बाजारांत आलें. त्या अवयवाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षां अरुंद असतात. म्हणून मधुमेह, रक्तदाब, तंबाखू व चरबी यांनीं त्या आधीं चोंदतात. हृदयविकार प्रगट होण्यापूर्वी कांहीं वर्षें ही अडचण दिसूं लागते, असें अनेकांच्या बाबतींत आढळतें. ती लपविणारा माणूस केवळ लाज लपवीत नाहीं. हृदयानें धाडलेली आगाऊ सूचना तो फाडून टाकतो. तिच्या निमित्तानें साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घेणें हाच तिचा पहिला उपचार होय.

औषधें आहेत, पण तीं दुकानदाराच्या सल्ल्यानें घेऊं नयेत. छातींत दुखल्यास जिभेखालीं ठेवावयाच्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळ्या जो घेतो, त्यानें सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतल्यास रक्तदाब एकाएकीं कोसळून प्राणावर बेततें. ग्रंथीसाठीं टॅम्सुलोसिन चालूं असल्यासहि डॉक्टरांस विचारूनच प्रमाण ठरवावें. टाडालाफिलला अमेरिकेंत २०११ सालीं ग्रंथीच्या त्रासासाठींहि मान्यता मिळाली; योग्य रोग्यास तें एकच औषध दोन्हीं दुखण्यांवर चालतें.

आगगाडीच्या कडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' म्हणून ज्या जाहिराती रंगविलेल्या असतात, त्यांच्यापासून दूर राहावें. कामशक्ति वाढविण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास आपल्या देशांत १९५४ च्या कायद्यानेंच मनाई आहे. 'केवळ वनस्पति' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत न सांगतां सिल्डेनाफिल मिसळलेलें अनेकदां सांपडलें आहे. हृदयरोग्यास ती पुडी विषच. ययातीनें मुलाचें तारुण्य उसनें घेतलें, तरी त्याची तृप्ति झाली नाहीं. उसनवारीच्या मागें लागण्यापेक्षां आपलें आहे तें निरोगी ठेवावें. आणि साठीनंतर पतिपत्नींमधील जिव्हाळा एकाच क्रियेवर तोललेला नसतो, हें दोघांनींहि एकमेकांस सांगावें. सांगावें म्हणतों, नुसतें समजून घेऊन भागत नाहीं, हें आम्ही शिकलों.

घरच्या माणसांस विनंति

शेवटीं मुलांस व सुनांस दोन शब्द. वडील रात्रीं वारंवार उठतात काय, न्हाणीघरांत वेळ लावतात काय, प्रवासास निघतांना चिंतातुर होतात काय, याकडे लक्ष असूं द्यावें. मुलानें एकांतांत विचारावें; चारचौघांत थट्टा करूं नये. प्रवासांत गाडी थांबविण्यास वडिलांस विनवावें लागूं नये. आपणच दर दोन तासांनीं थांबावें. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रीं मंद दिवा ठेवावा; वृद्धांचीं कित्येक हाडें याच वाटेवर अंधारांत मोडतात. लघवी अजिबात होईनाशी झाली, तींत रक्त दिसलें, थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी कमी होऊन पायांवर सूज व ओकारी सुरू झाली, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

आणि आमच्या समवयस्कांस एवढेंच सांगणें, कीं वरच्या सात प्रश्नांचीं उत्तरें आजच एका कागदावर लिहावींत. बेरीज आठ किंवा अधिक आल्यास तो कागद प्रथम पत्नीस दाखवावा आणि दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांस. आमचें अंथरूण पुन्हां आंतल्या खोलींत आलें आहे. रात्रीं एकदां उठतों, आणि परत येतांना 'अहो, झोप येत नाहीं का?' असें कोणी विचारल्यास खरें उत्तर देतों.